रक्तातून जखमेपर्यंत : सीडी-१८ हे ग्राही प्रथिन आणि त्याच्या अभावाचा आजार

सीडी-१८ हे पांढऱ्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर असणारे ग्राही प्रथिन आहे. रक्ताबरोबर वाहणारी पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट चिकटते ती या प्रथिनामुळे, आणि चिकटली तरच ती भिंत ओलांडून जंतू शिरले असतील तिथे पोचते. हे प्रथिन जन्मतःच नसले तर लढणाऱ्या पेशी शरीरात मुबलक तयार होतात, पण रक्तातच अडकून पडतात. बाहेर ऊतींमध्ये जंतू वाढत राहतात आणि रक्तात पेशींची गर्दी वाढत जाते. या जन्मजात आजाराचे नाव ल्यूकोसाइट ॲडहीजन डेफिशियन्सी, म्हणजे एलएडी. तो दुर्मीळ आहे, पण त्याची पहिली खूण कोणत्याही घरात दिसू शकेल इतकी साधी आहे : बाळाची नाळ वेळेवर गळून पडत नाही.

या प्रथिनाचे काम समजण्यासाठी न्यूट्रोफिल या पेशीचा प्रवास पाहावा लागतो. पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक पेशी न्यूट्रोफिल असतात. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दिवसाला सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात आणि रक्तात त्यांचा मुक्काम काही तासांचाच असतो. पायात काटा मोडला आणि त्याबरोबर जंतू आत गेले, की तिथल्या ऊती रासायनिक संदेश सोडतात. त्या संदेशांनी जवळच्या बारीक शिरांच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिने उगवतात. न्यूट्रोफिलच्या अंगावर फ्यूकोज ही शर्करा असलेल्या साखळ्या असतात. सिलेक्टिन त्यांना हलकेच धरते, सोडते, पुन्हा धरते. त्यामुळे पेशीचा वेग कमी होतो आणि ती भिंतीवरून घरंगळू लागते. एवढ्याने ती थांबत नाही. पुराच्या पाण्यातल्या नावाड्याने काठाच्या फांद्यांना हात लावत नावेचा वेग मोडावा आणि मग एखादे भक्कम मूळ पकडून नाव उभी करावी, तसा हा क्रम आहे. ते मूळ पकडण्याचे काम सीडी-१८ चे.

सीडी-१८ कधीही एकटे नसते. सीडी-११ या गटातल्या चारांपैकी एका प्रथिनाशी जोडी जमली, तरच ते पेशीच्या पृष्ठभागावर येते. सीडी-११-ए बरोबरची जोडी म्हणजे एलएफए-१. ती रक्तवाहिनीच्या अस्तरावरील आयकॅम-१ या प्रथिनाला धरते. सीडी-११-बी बरोबरची जोडी मॅक-१ किंवा पूरक-ग्राही ३ या नावांनी ओळखली जाते. ती भिंतीला चिकटण्यासाठी उपयोगी पडतेच, शिवाय पूरक प्रथिनांनी माखलेले जंतू ओळखून गिळण्यासाठीही न्यूट्रोफिलला तिची गरज असते. उरलेल्या दोन जोड्यांचे काम मर्यादित आहे. एक गोष्ट मात्र चारही जोड्यांना समान आहे : सीडी-१८ तयार झाले नाही तर त्यांपैकी एकही पृष्ठभागावर येत नाही. एकाच जनुकातल्या दोषाने अनेक कामे एकदम बंद पडतात ती यामुळे. हे जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे आणि त्याचे नाव आयटीजीबी-२.

हे ग्राही सतत उघडे राहिले असते तर पांढऱ्या पेशी रक्तात जागोजागी चिकटून बसल्या असत्या. म्हणून एरवी ते वाकलेल्या, मिटलेल्या अवस्थेत असते. घरंगळणाऱ्या पेशीला भिंतीवरच्या केमोकाइन या संदेशरेणूंचा स्पर्श झाला, की तिच्या आतल्या टॅलिन आणि किंडलिन-३ या प्रथिनांनी सीडी-१८ चे पेशीतले टोक पकडले जाते. त्यासरशी बाहेरचा भाग सरळ होऊन उघडतो. हा बदल सेकंदाच्याही अंशात होतो. मग पेशी थांबते, पसरते, अस्तरातल्या पेशींमधून वाट काढते आणि ऊतीत उतरते. जखमेत जो पू दिसतो तो मुख्यतः अशा लाखो न्यूट्रोफिलांचा आणि त्यांनी मारलेल्या जंतूंचा असतो. गळू पिकणे ही लोकांना त्रासाची गोष्ट वाटते, पण न्यूट्रोफिल जागेवर पोचल्याचा तोच पुरावा असतो.

या आजाराचा शोध नाळेपासूनच सुरू झाला. नाळ उशिरा पडणे, सर्वांगभर जंतुसंसर्ग आणि न्यूट्रोफिलांच्या हालचालीतला दोष या तीन गोष्टी एकाच कुटुंबात एकत्र दिसल्याचा अहवाल १९७९ मध्ये लंडनमधील डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अशाच एका मुलाच्या न्यूट्रोफिलांवर एक मोठे प्रथिन गायब असल्याचे आढळले. तिकडे टिमोथी स्प्रिंगर हे शास्त्रज्ञ हार्वर्डमध्ये पांढऱ्या पेशींवरची प्रथिने एकेक करून प्रतिपिंडांनी ओळखत होते. मॅक-१ आणि एलएफए-१ त्यांना अशीच सापडली होती. आजारी मुलांच्या पेशींवर ही दोन्ही एकाच वेळी नसतात असे दिसले, तेव्हा दोन्हींमधला सामाईक घटक, म्हणजे सीडी-१८, हाच दोषी असल्याचे उघड झाले. १९८७ मध्ये त्याचे जनुक वाचले गेले. सीडी-१८ ज्यात मोडते त्या इंटिग्रिन या प्रथिनकुलाच्या शोधासाठी स्प्रिंगर यांना २०२२ चा लास्कर पुरस्कार आणखी दोन शास्त्रज्ञांबरोबर विभागून मिळाला. निरोगी पेशीतल्या एखाद्या प्रथिनाचे खरे मोल ते नसलेल्या आजारी मुलाकडे पाहून कळावे, असे वैद्यकात वारंवार घडले आहे. त्यातले हे अतिशय स्वच्छ उदाहरण म्हणावे लागेल.

आता खाटेवरच्या बाळाकडे. नाळ कापल्यावर बेंबीशी उरलेला तुकडा दोन-तीन दिवसांत सुकून काळा पडतो. कातडी आणि सुकलेला तुकडा यांच्या सीमेवर न्यूट्रोफिल जमतात, त्यांच्यातली विकरे तिथला मृत भाग विरघळवतात, आणि साधारण एक ते दोन आठवड्यांत तुकडा सुटून पडतो. एलएडीच्या बाळात ही सीमा तयारच होत नाही. तीन आठवडे उलटतात, चार उलटतात, तरी नाळ तशीच लोंबत राहते. बेंबीभोवतीची त्वचा लाल, कडक आणि गरम होते, ओलसर स्राव येतो, पण पिवळा पू येत नाही. बाळ दूध ओढत नाही, ताप चढतो. प्रतिजैविकांनी थोडा उतार पडतो आणि काही दिवसांनी गुदद्वाराजवळ, कानात किंवा सलाइनची सुई टोचलेल्या जागी दुसरी जखम उभी राहते. या जखमांचे रूप ओळखीचे असते : कडा राखाडी, तळ कोरडा, आजूबाजूला लाली असूनही आत पिकलेले काही नाही. भरून आल्याच तर पातळ, सुरकुतलेला, कागदासारखा व्रण मागे राहतो.

अशा वेळी केलेली रक्ताची साधी तपासणी, म्हणजे सीबीसी, मोलाची ठरते. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत पांढऱ्या पेशी २५-३० हजारांपर्यंत असणे स्वाभाविक असते, पण आठवडाभरात त्या बऱ्याच खाली येतात. एलएडीच्या बाळात त्या खाली येत नाहीत. ३० हजार, ५० हजार, संसर्गाच्या भरात लाखाच्याही वर आकडा जातो आणि त्यात न्यूट्रोफिलांचाच भरणा असतो. हा आकडा पाहून रक्ताच्या कर्करोगाची शंका येणे साहजिक आहे. अशा बाळांची अस्थिमज्जा तपासली जाते, आईबाप हादरून जातात, आणि त्यात आठवडे निघून जातात. काचपट्टीवर पाहिले तर फरक दिसतो : कर्करोगात अपरिपक्व पेशी असतात, इथे पूर्ण वाढलेले न्यूट्रोफिल असतात. जंतुसंसर्गात पेशी वाढतात हे सर्वांना ठाऊक असल्याने दुसरी चूक उलट दिशेची होते. संसर्ग आहे, म्हणून पेशी वाढल्या, असे म्हणून अहवाल बाजूला ठेवला जातो. संसर्ग ओसरल्यावरही आकडा खाली आला का, हे पाहिले तर बहुतेक वेळा उत्तर हाती लागते. निरोगी दिसणाऱ्या दिवशीही पेशी चढलेल्या असणे हे या आजाराचे लक्षण आहे.

भारतातला या आजाराचा सर्वांत मोठा अभ्यास मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेच्या पुढाकाराने झाला. ही संस्था भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची आहे. देशभरातील २८ केंद्रांतून गोळा झालेल्या १३२ रुग्णांची माहिती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. या आजाराचे तीन प्रकार आहेत, उरलेल्या दोघांची ओळख पुढे येईल. या रुग्णांपैकी १२७ जणांना सीडी-१८ च्या दोषाचा, म्हणजे पहिल्या प्रकारचा आजार होता आणि पाच जणांना तिसऱ्या प्रकारचा. बहुसंख्य रुग्णांत, ८३ टक्क्यांत, सीडी-१८ दोन टक्क्यांहूनही कमी होते. ही मुले पहिल्या तीन महिन्यांतच बेंबीचा संसर्ग, त्वचेच्या जखमा, न पडलेली नाळ, कानाचा संसर्ग किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग घेऊन आली. पांढऱ्या पेशी सतत वाढलेल्या असणे हे लक्षण झाडून सगळ्या रुग्णांत होते. आयटीजीबी-२ मधील ३५ बिघाड असे निघाले की ते जगात आधी नोंदलेच गेले नव्हते. एका देशातल्या एका दुर्मीळ आजारात इतकी विविधता सापडावी, यावरून एवढे नक्की म्हणता येते की इथे हा आजार एखाद्याच मूळ कुटुंबातून पसरलेला नाही. तो ठिकठिकाणी, वेगवेगळ्या समाजांत स्वतंत्रपणे उद्भवलेला आहे.

या संस्थेचा वारसाही इथे सांगण्याजोगा आहे, कारण तो याच विषयाशी अनपेक्षितपणे जोडलेला आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. त्यालाच पुढे जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव मिळाले. ए, बी आणि ओ या सर्व रक्तगटांच्या तळाशी एच हा घटक असतो. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत तोच नसतो, म्हणून तिला ओ गटाचे रक्तही चालत नाही. आयसीएमआरने १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले, भाटिया यांनी ते वाढवले आणि त्यातूनच आजची संस्था उभी राहिली.

एच घटक तयार होतो तो फ्यूकोज या शर्करेने. सिलेक्टिन न्यूट्रोफिलला जिथे पकडते त्या साखळीतही हेच फ्यूकोज असते. १९९२ मध्ये इस्रायलमधील डॉक्टरांनी दोन मुलांची नोंद केली. त्यांना वारंवार संसर्ग होत होते, पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, वाढ आणि बुद्धी खुंटलेली होती, पण सीडी-१८ अगदी व्यवस्थित होते. दोघांचाही रक्तगट बॉम्बे निघाला आणि त्यावरूनच कोडे सुटले. फ्यूकोज पेशीतल्या योग्य कप्प्यात वाहून नेणाऱ्या प्रथिनात दोष होता. त्यामुळे लाल पेशीवर एच नव्हते आणि पांढऱ्या पेशीवर सिलेक्टिनला धरता येईल असे काही नव्हते. हा एलएडीचा दुसरा प्रकार. यातल्या काही मुलांना तोंडावाटे फ्यूकोज दिल्याने फायदा झाला आहे. बॉम्बे रक्तगटाच्या एरवीच्या व्यक्तींना मात्र असा कोणताही धोका नसतो. त्यांच्यात केवळ एच बनवण्याचे काम होत नाही, बाकी फ्यूकोजचा व्यवहार सुरळीत असतो. हा भेद स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण बॉम्बे गटाची अनेक कुटुंबे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांना विनाकारण भीती वाटू नये.

तिसऱ्या प्रकारात सीडी-१८ असते, पण ते उघडणारे किंडलिन-३ नसते. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींनाही किंडलिन-३ लागते, म्हणून या मुलांना संसर्गांबरोबर रक्तस्रावाचाही त्रास होतो.

पहिल्या प्रकारातही तीव्रता सारखी नसते. सीडी-१८ दोन टक्क्यांहून कमी असेल तर आजार तीव्र समजतात. जगभरच्या ३२३ प्रकाशित रुग्णांचा आढावा २०१८ मध्ये घेतला गेला. त्यानुसार अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण न झालेल्या तीव्र आजाराच्या मुलांपैकी दोन वर्षांचे होईपर्यंत केवळ ३९ टक्के वाचतात. दोन ते तीस टक्के सीडी-१८ असलेली मुले मोठी होतात, शाळेत जातात, काहींची लग्नेही होतात. त्यांचे दुखणे वेगळे असते : पायावरचे न भरणारे व्रण आणि हिरड्या. दुधाचे दात आल्यापासून हिरड्या सुजतात, दातांभोवतीचे हाड झिजते आणि ऐन तारुण्यात दात हलू लागतात. हिरडी आणि दात यांमधल्या फटीत जंतू कायम असतात, म्हणून निरोगी माणसातही तिथे न्यूट्रोफिलांची ये-जा अहोरात्र चालू असते. ती नसल्याने जंतू माजतात आणि हाड खातात, असेच फार काळ मानले जात होते.

अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ मध्ये वेगळेच कारण पुढे आणले. ऊतीत आलेले न्यूट्रोफिल काही वेळाने मरतात, भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि गिळल्यावर इंटरल्यूकिन-२३ हा दाहाचा संदेश बंद करतात. न्यूट्रोफिल आलेच नाहीत तर हा बंद करण्याचा इशाराही मिळत नाही. इंटरल्यूकिन-२३ आणि त्यामागोमाग इंटरल्यूकिन-१७ वाढत राहतात आणि हाड झिजते ते या अनावर दाहाने. त्याच संदेशामुळे अस्थिमज्जा आणखी न्यूट्रोफिल बनवत राहते, म्हणजे रक्तातल्या गर्दीचाही एक भाग यातून समजतो. इंटरल्यूकिन-२३ रोखणारे उस्टेकिनुमॅब हे सोरायसिसवरचे औषध पुढे एका तरुण रुग्णाला देण्यात आले. त्याच्या हिरड्यांची सूज उतरली आणि कमरेच्या तळाशी असलेला दीर्घकाळचा व्रण भरून आला. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. ज्या आजाराकडे केवळ प्रतिकाराची उणीव म्हणून पाहिले जात होते, त्यात प्रतिकाराचा अतिरेकही दडलेला निघाला.

हे ग्राही फक्त माणसाचे नाही. होल्स्टिन जातीच्या गुरांतही सीडी-१८ च्या अभावाचा आजार आहे आणि त्याची कथा मराठवाड्यातल्या दूध उत्पादकालाही परकी वाटू नये. १९५२ मध्ये जन्मलेल्या ऑसबॉर्नडेल आयव्हॅन्हो या अमेरिकन वळूच्या सीडी-१८ जनुकात एका अक्षराचा बदल होता. प्रथिनातल्या १२८ व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसीन आले होते. त्याच्या मुली उत्तम दूध देत, त्यामुळे त्याच्या वंशातल्या वळूंचे वीर्य जगभर गेले. १९९२ मध्ये हा बदल ओळखला गेला तेव्हा अमेरिकेत कृत्रिम रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या होल्स्टिन वळूंपैकी सुमारे १४ टक्के त्याचे वाहक होते. दोन वाहकांच्या संकरातून जन्मलेली वासरे न्यूमोनिया, हगवण आणि तोंडातल्या जखमांनी खंगत, त्यांचे दात पडत आणि बहुतेक काही महिन्यांत मरत. उरुळी कांचनच्या बायफसारख्या संस्थांनी महाराष्ट्रात होल्स्टिन संकराचा प्रसार केला आणि गोठित वीर्याच्या कांड्या गावोगाव पोचल्या. या दोषाचे वाहक भारतातल्या होल्स्टिन आणि संकरित जनावरांतही आढळले आहेत. म्हणून देशातल्या वीर्य केंद्रांसाठीच्या नियमावलीत वळूंची या दोषासाठी जनुकीय तपासणी आहे. एका साध्या तपासणीने गुरांमधला हा आजार जवळजवळ नाहीसा करता आला, कारण तिथे वाहक वळू कळपातून काढून टाकता येतो. माणसांच्या बाबतीत असा मार्ग नाही आणि नसावा. तिथे कुटुंबाला वेळेवर माहिती देणे एवढेच करता येते.

ग्राहीचा अभाव घातक असला तरी काही आजारांत त्याचेच काम थोडे रोखणे उपयोगाचे ठरते. सोरायसिसवर एलएफए-१ रोखणारे एफालिझुमॅब हे औषध २००३ मध्ये आले. मेंदूच्या एका जीवघेण्या विषाणुसंसर्गाचे रुग्ण आढळल्याने २००९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. सर्वांगात हे ग्राही बंद करण्याची किंमत किती मोठी असते ते त्यातून दिसले. लिफिटेग्रास्ट या थेंबांचा परिणाम मात्र डोळ्यापुरताच राहतो. डोळे कोरडे पडण्याच्या विकारावर २०१६ पासून ते अमेरिकेत वापरात आहेत. जंतूंनीही या ग्राहीचा फायदा घेतला आहे. क्षयाचा जंतू भक्षक पेशीत शिरताना ज्या वाटा वापरतो त्यांत मॅक-१ ही एक आहे. मलेरियाने ग्रासलेल्या लाल पेशी मेंदूतल्या शिरांना चिकटतात त्या एलएफए-१ ज्याला धरते त्याच आयकॅम-१ ला पकडून.

निदानाची पक्की तपासणी फ्लो सायटोमेट्री या यंत्रावर होते. ईडीटीएच्या बाटलीत घेतलेले एक-दोन मिलिलिटर रक्त पुरते. त्यात सीडी-१८ ला चिकटणारे, रंगाने चमकणारे प्रतिपिंड मिसळतात. लेसरच्या झोतासमोरून एकेक पेशी जाते आणि ती किती चमकली याची नोंद होते. निरोगी व्यक्तीच्या आलेखात न्यूट्रोफिलांचा उंचवटा उजवीकडे दूर असतो. तीव्र एलएडीच्या बाळाचा उंचवटा डावीकडे, प्रतिपिंड न घातलेल्या नमुन्याच्याच जागी उभा असतो. आईबापांचे रक्त त्याच वेळी तपासले तर त्यांचे उंचवटे सहसा मधोमध, निम्म्या चमकेवर सापडतात. क्वचित प्रथिन पृष्ठभागावर असते पण काम करत नाही. तेव्हा सीडी-११ ची मापे आणि जनुकाचे वाचन यांचा आधार घ्यावा लागतो. रक्त ताजे लागते, शक्यतो एक-दोन दिवसांच्या आतले. छत्रपती संभाजीनगरहून रात्रीच्या रेल्वेने निघालेला नमुना सकाळी मुंबईत पोचतो, त्यामुळे अंतर ही अडचण नाही. अडचण असते ती शंका येण्याची.

ही शंका येण्याची जागा मोठ्या रुग्णालयाच्या कितीतरी आधी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिथला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पद्धतीवर आधारलेला कार्यक्रम २०११ पासून देशभर आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात आणि बेंबी पाहतात. नाळ पडली का, आणि कोणत्या दिवशी, हे त्यांना कळतेच. एकविसाव्या दिवशीही नाळ जागेवर असेल आणि बेंबी चिघळलेली असेल, तर त्या बाळाची सीबीसी व्हावी एवढी एक ओळ या भेटींच्या पत्रकात जोडली तर या आजाराचे निदान महिन्यांनी अलीकडे येईल. नाळ उशिरा पडलेली बहुतेक बाळे निरोगीच असतात, हे खरे. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावल्यानेही नाळ रेंगाळते. म्हणूनच केवळ नाळेवरून घाबरायचे नाही, पांढऱ्या पेशींचा आकडा पाहायचा. ही तपासणी तालुक्याच्या गावीही होते. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे घाटीत, मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून आणि पलीकडूनही बाळे येतात. तिथे पोचण्याआधीच चिठ्ठीवर नाळ पडल्याची तारीख आणि सीबीसीचा आकडा लिहिलेला असला, तर पुढचा निर्णय त्याच दिवशी होऊ शकतो.

मराठवाड्यात या विषयाला आणखी एक बाजू आहे. मामाच्या मुलीशी लग्न अनेक समाजांत पूर्वापार चालत आले आहे, आणि मुस्लिम कुटुंबांत चुलत भावंडांतही लग्ने होतात. एलएडीचा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. सख्ख्या आते-मामे किंवा चुलत भावंडांची जनुके सरासरीने एक-अष्टमांश सारखी असतात. त्यामुळे एकाच आजोबांकडून आलेला दोष दोन्ही बाजूंनी बाळात एकत्र येण्याची शक्यता वाढते. तरी नात्यात लग्न न झालेल्या घरांतही हा आजार सापडतो. शतकानुशतके जातीतच होणाऱ्या सोयरिकींनी तशीच परिस्थिती निर्माण केलेली असते. एक मूल आजारी निघाले की पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक असतो, मग मुलगा असो वा मुलगी. दोष आईबापांच्या वागणुकीचा नसतो आणि एकट्या आईचा तर कधीच नसतो. हे सासरमाहेरच्या मंडळींसमोर डॉक्टरांनी स्वतः सांगायला हवे, कारण एकापाठोपाठ मुले दगावलेल्या बाईच्या वाट्याला काय येते हे इथल्या प्रत्येक डॉक्टरने पाहिलेले असते.

उपचारात प्रतिजैविकांनी वेळ मिळतो, आजार जात नाही. कायमचा इलाज म्हणजे अस्थिमज्जेचे किंवा मूलपेशींचे प्रत्यारोपण. १९९३ ते २००७ या काळातल्या ३६ मुलांच्या पाहणीत ७५ टक्के मुले वाचली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८४ रुग्णांच्या पाहणीत तीन वर्षांनंतर हे प्रमाण ८३ टक्क्यांच्या आसपास होते. या आजारात एक दिलासा असा की दात्याच्या पेशी शंभर टक्के रुजाव्या लागत नाहीत. थोडे न्यूट्रोफिल जरी सीडी-१८ असलेले असले तरी मूल निभावते. हाच धागा धरून जनुकोपचार पुढे आला. बाळाच्याच मूलपेशी काढून, निरुपद्रवी केलेल्या लेंटिव्हायरसच्या मदतीने त्यांत आयटीजीबी-२ चे चांगले जनुक घालतात आणि त्या बाळाला परत देतात. अमेरिका, ब्रिटन आणि स्पेनमधील नऊ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. नऊही मुले जिवंत आहेत, त्यांच्या पेशींवर सीडी-१८ दिसू लागले आहे आणि गंभीर संसर्गांचे प्रमाण खूप घटले आहे. दात्याची गरज नसणे हा या उपचाराचा मोठा लाभ, आणि त्याचा खर्च हा मोठा अडथळा.

ज्या घरात एक रुग्ण सापडला आहे तिथे पुढच्या वेळी वाट पाहावी लागत नाही. जनुकातला बिघाड आधीच माहीत असेल तर गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन गर्भाची तपासणी होते. बिघाड माहीत नसेल तर अठराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या नाळेतून रक्त घेऊन त्यातल्या पेशींवर सीडी-१८ आहे का ते थेट पाहता येते. आईबापांना गर्भारपणात तपासणी नको असेल तर प्रसूतीच्या वेळी वारेकडच्या नाळेतले रक्त घेतले तरी चालते. अहवाल दोन-तीन दिवसांत मिळतो. बाळाला दोष असल्यास पहिला संसर्ग होण्याआधीच प्रतिबंधक प्रतिजैविक सुरू करता येते, भावंडांचे आणि आईबापांचे एचएलए, म्हणजे ऊतिगट, जुळवून दाता शोधता येतो आणि प्रत्यारोपण पहिल्या काही महिन्यांतच ठरवता येते.